पायरीवरून पडले

नऊ महिने अकरा दिवसांनी बुद्धभूषण पाईकराव हाटकेशमधल्या आपल्या बिल्डिंगच्या गेटपाशी आला, तर नव्या वॉचमनने काठी आडवी धरली.

"आपको अंदर नहीं छोड़ सकते. ऑर्डर है."

"वो ऑर्डर खतम हो गया. ये देखो." भूषणने बॅगेतून कोर्टाच्या निकालाची शिक्क्याची प्रत काढली.

वॉचमनने कागदाकडे पाहिलंच नाही. तो मान वळवून आपल्या केबिनच्या काचेकडे बघत होता. काचेवर आतल्या बाजूने भूषणचा फोटो चिकटवला होता. डोक्याला फेटा, तोंडभर हसू. खाली लाल स्केचपेनने हिंदीत लिहिलं होतं, ह्या माणसाला आत सोडू नये. फोटो पंचशीलाच्या लग्नातला होता. बहिणीच्या लग्नात काढलेला फोटो बहिणीनेच कात्रीने कापून इथे दिला होता. त्याच्या खांद्यावर एक हात दिसत होता, मनगटापर्यंत हिरव्या बांगड्या भरलेला. तो तिचाच.

आरडाओरडा न करता उभं राहायचं, असं वकिलाने चार वेळा बजावलं होतं. म्हणून भूषण उभा राहिला. सोसायटीचा सेक्रेटरी सुभाष बनियनवर शर्ट चढवत खाली आला. त्याने निकालाचं पहिलं पान आणि शेवटचा शिक्का बघितला, मधली पानं बोटांनी नुसतीच फरफर उडवली.

"अर्ज नामंजूर झालाय," भूषण म्हणाला. "पोलीस चौकीत प्रत दिलीये. पोच पण आहे."

"दिसतंय मला. जा वर." सुभाषने कागद परत दिला. "पण भूषण, एक सांगतो. कोर्टाचं कोर्टात. इथं त्या दिवशी जिन्यात काय सांडलेलं होतं ते मी पाहिलंय. आवाज आला तर पोलिसांना एकशेबारा लावीन, तुला विचारायला येणार नाही."

भूषणने कागद बॅगेत घातला. लिफ्टमध्ये शिरला, चार नंबरचं बटण दाबलं. लिफ्ट दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. दुसऱ्या मजल्यावर केबिन किंचित डावीकडे घासते, हे त्याच्या कानाने आपोआप टिपलं. पूर्वी ही लिफ्ट तोच बघायचा, फुकटात. आता दारावर दुसऱ्याच कंपनीचं स्टिकर होतं.

भूषण अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. लग्न एकदा ठरून मोडलं, पुन्हा ठरलं नाही. वडील कोंडिराम जालन्याकडून आले, भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं पॉलिशचं काम केलं, आणि एक बेडरूमचा हा फ्लॅट घेऊन वारले. मागे आई प्रभावती, भूषण, आणि नवऱ्याशी काडीमोड होऊन सहा वर्षांपूर्वी परत आलेली पंचशीला. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. भूषण तोंडाचा कडू. कामावरची माणसं त्याच्याशी जपून बोलत, घरातली त्याहून जपून. जनावरांशी मात्र तो वेगळाच माणूस व्हायचा. गुंड्या कुत्रा त्याला एका बिल्डिंगच्या लिफ्टखालच्या खड्ड्यात सापडला होता, चार पिल्लांतलं एकटं जिवंत राहिलेलं. पिठी मांजर गिरणीत सापडली होती, पीठ झटकल्यावरही पांढरीच निघाली. ह्या दोघांसाठी त्याने सुट्ट्या काढल्या होत्या. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला काढली नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी पंचशीला भाजीच्या पिशव्या घेऊन आली. दोन्ही हात भरलेले, दार पायाने लोटलं, ते नीट लागलं नाही. गुंड्या खाली गेला आणि त्याच्या मागच्या पायावरून स्कूटर गेली. भूषणने त्याला उचलून वर आणलं, फरशीवर ठेवलं, खिळ्यावरचा गुंड्याचा पट्टा काढला आणि बहिणीवर उगारला. पट्ट्याचं पितळी बक्कल तिच्या डाव्या भुवईच्या वर लागलं. तो पुन्हा उगारणार म्हणून ती बाहेर पळाली, आणि रक्त जिन्यात सांडलं.

चार टाके पडले. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं तेव्हा पंचशीला म्हणाली, "पायरीवरून पडले." भावाचं नाव तिने घेतलं नाही. केसपेपरवर तेच लिहिलं गेलं.

त्यावर गोष्ट मिटलीही असती. पण पाचव्या दिवशी भूषण जेवताना म्हणाला, "गुंड्याचा पाय नीट नाही बसला तर बघ." टाके अजून ओले होते. ताट तसंच ठेवून ती उठली, आणि दुसऱ्या दिवशी वकिलाकडे गेली. दोन आठवड्यांत कोर्टाने भूषणला तात्पुरती मनाई केली: घरात पाऊल ठेवायचं नाही, बहिणीला फोन करायचा नाही. तो खारी गावात एका पत्र्याच्या खोलीत राहायला गेला. मालकाची अट होती, जनावर चालणार नाही.

नऊ महिन्यांनी पंचशीलाचा अर्ज नामंजूर झाला. कारणं दोन. एक, दवाखान्याच्या कागदावर तिचेच शब्द होते. दुसरं, तिच्या आईने साक्ष दिली की पोरगी पायरीवरून पडली, पोराने हात लावला नाही.

भूषणने हे 'नामंजूर' स्वतःशी इतक्यांदा घोळवलं होतं की, कागदावर जे सिद्ध झालं नाही ते घडलंच नाही, असं त्याला जवळजवळ वाटायला लागलं होतं.

त्याची चावी लागली नाही. कुलूप बदललेलं होतं. त्याने बेल मारली.

दार आईने उघडलं. प्रभावती आधीच हाडकुळी, आता आणखी वाळली होती. तिने त्याच्याकडे बघितलं, बाजूला झाली, आणि सोफ्याच्या टोकाला जाऊन बसली. भूषणला वाटलं होतं ती गळ्यात पडेल. निदान पाणी तरी विचारेल.

पंचशीला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कामाला निघायच्या तयारीत, खांद्याला पर्स. भुवईच्या वर पांढरट रेघ, तिथे केस उगवलेच नव्हते.

"कागद," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

"तुझ्या वकिलाकडे आहे की."

"तू आणलाय तो बघायचाय."

त्याने दिला. तिने उभ्याउभ्या नऊच्या नऊ पानं वाचली, एक ओळ न गाळता. भूषण चपला हातात घेऊन उभा. स्वतःच्याच घरात बसावं की नाही ते त्याला कळेना. शेवटचं पान संपल्यावर तिने कागद टीव्हीवर ठेवला.

"ह्यात लिहिलंय, अर्जदार स्वतःच्या म्हणण्याशी विसंगत आहे. म्हणजे तुला वाचवायला मी जे खोटं बोलले, त्याने मलाच बुडवलं."

"कोर्टाने ठरवलंय ते. मी नाही."

"हो ना. कोर्टाने तुला घरात यायला दिलंय. मी तुझ्याशी बोलायचं, असं कुठल्याच पानावर नाहीये." ती चप्पल घालायला लागली. "तुझं सामान गॅलरीत आहे. गॅसवर आईचं जेवण आहे, तेवढंच आहे. आणि मी अपिलात जाणार आहे. तीस दिवस आहेत."

तेवढ्यात पिठी फ्रिजमागून आली. भूषण खाली वाकला, जिभेने तो तिचा ठरलेला टक-टक आवाज काढला. पिठीने त्याचा हात हुंगला, शेपटी ताठ करून वळली आणि पंचशीलाच्या पायाशी जाऊन अंग घासायला लागली. पंचशीलाने बघितलं, पण हसली नाही.

"गुंड्या कुठाय?" भूषणने विचारलं.

"दिला."

"दिला म्हणजे?"

"दिला म्हणजे दिला. त्याला चार वेळा खाली न्यायचं, पायाला मालिश करायची, माझी सकाळची ड्युटी. आईला गुडघे. तू नव्हतास."

"मला येऊ दिलं नाहीस तू! कोणाला दिला?"

"आवाज."

"कोणाला दिला सांग, नाहीतर—"

तो एक पाऊल पुढे सरकला होता. पंचशीला हलली नाही. फक्त तिचा डावा हात आपसूक भुवईपर्यंत गेला. भूषणचं लक्ष आईकडे गेलं. प्रभावती त्याच्या तोंडाकडे नव्हे, त्याच्या उजव्या हाताकडे बघत होती. त्या हातात चपला होत्या, आणि त्या खांद्याच्या वर उचललेल्या होत्या. कधी उचलल्या, त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. त्याने हात खाली घेतला.

"तारोडीला," प्रभावती म्हणाली. "शांताबाईकडं. आपल्या कोपऱ्यावर मच्छी घेऊन बसते ती. जा, आण जा तुझा कुत्रा."

आईच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य. ते तिने जमिनीकडे बघून म्हटलं.

भूषणने वाटेत एका दुकानातून नवा पट्टा घेतला, लाल नायलॉनचा, मऊ अस्तर लावलेला. भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडची बस धरली. बसमध्ये तो मनात बहिणीला उत्तरं देत होता, आणि प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा तिखट होत होतं. तारोडीला उतरल्यावर विचारत विचारत गेला. किनाऱ्याच्या अलीकडे बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत घातले होते. खाली सावलीत गुंड्या झोपलेला.

"गुंड्या," भूषणने हाक मारली.

कुत्र्याचे कान उभे राहिले. तो उठला, तीन पायांवर धडपडत, चौथा टेकवत न टेकवत आला. भूषणच्या पोटावर पंजे टाकले, हनुवटी चाटली, कुंईकुंई करत गोल गोल फिरला. नऊ महिन्यांत त्याला बघून आनंद झालेला हा पहिलाच जीव.

"कोन रं तू?" टोपली घेऊन शांताबाई समोर आली. साठीची, कंबरेला घट्ट लुगडं, हाताला खवलं चिकटलेली.

"हा कुत्रा माझा आहे. पंचशीलाचा भाऊ मी."

"म्हंजे मारनारा तो तू?"

"कोर्टाने निर्दोष... कोर्टाने अर्ज फेटाळलाय. मी माझा कुत्रा न्यायला आलोय."

"कोर्टान् मना काय करायचंय? मना पोरीच्या कपालावरचा टाका दिसतो." शांताबाईने टोपली खाली ठेवली. "ह्यो आता कावले हाकलतो. एक बोंबील जात न्हाय. रातीचा माझ्या सुनेच्या खाटेखाली झोपतो. तू न्हेशील आनि ठेवशील कुठं, जिथून त्याला काढला तिथंच?"

"ते माझं घर आहे."

"असंल. ने मग. बघू कसा नेतो ते."

भूषणने पिशवीतून नवा पट्टा काढला. बक्कल वाजलं, अगदी बारीक. गुंड्याचं नाचणं जागच्या जागी थांबलं. तो पोटावर सपाट झाला, शेपटी पायांत, कान मागे, आणि वाळूत मुतला. मग सरपटत शांताबाईच्या मागे गेला. तिच्या पायांमधून एक डोळा भूषणकडे लावून राहिला.

"आला तवापासून असाच करतो," शांताबाई म्हणाली. "दोरी चालते, जाळं चालतं. पट्टा बगला का असा. मी बांदलाच न्हाय मग त्याला. तुझी भयन काय सांगंना का असा का करतो. मी इचारलं बी न्हाय."

भूषण पट्टा हातात घेऊन उभा राहिला. त्याने गुंड्याला कधी मारलं नव्हतं, एकदाही नाही. ही गोष्ट तो शपथेवर सांगू शकला असता. पण त्या रविवारी गुंड्या मोडका पाय घेऊन तिथेच फरशीवर पडला होता, पंचशीलाच्या पायाशी, आणि त्याने सगळं बघितलं होतं. पट्टा एकदाच बसला नव्हता. आता आठवायला बसल्यावर भूषणला आकडा आठवला. तीनदा. एकदा लागलं कपाळावर, दोनदा पाठीवर. अर्जात तिने पाठीचं लिहिलंच नव्हतं.

त्याने पट्टा पिशवीत कोंबला. पण कुत्रा सोडून जायला त्याचं मन तयार होईना. एवढं सगळं करून, कोर्टात जिंकून, रिकाम्या हाताने घरी जायचं? त्याने गुंड्याला पुढून मागून हात घालून उचललं. पंचवीस किलोचं धूड. गुंड्या थरथरत होता, पण चावला नाही.

"ऐक," शांताबाई म्हणाली. "तुझा हाय, ने. पर पुन्ना कुनावर हात टाकलास आनि मना कललं, तर तुझ्या दारात येऊन बसन मी. मच्छीची टोपली घेऊन."

रिक्षावाल्याने कुत्रा बघून नकार दिला, दुसऱ्यानेही. तिसरा तयार झाला. सबंध रस्ता गुंड्या भूषणच्या मांडीवर तोंड बाहेर काढून बसला होता, मागे किनाऱ्याकडे बघत.

संध्याकाळी पंचशीला कामावरून आली तेव्हा गुंड्या हॉलच्या कोपऱ्यात होता आणि भूषण गॅलरीतून गाद्या आत आणत होता. ती आली तसा गुंड्या उठून तिच्याकडे गेला, तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, मग बेडरूममध्ये जाऊन आतून कडी लावली. कडी नवीन होती. आतून दोन होत्या.

प्रभावतीने हात-पाय धुतले आणि मेणबत्ती लावली. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली कोंडिरामचा फोटो. ती रोज याच वेळेला वंदना म्हणायची. भूषणला लहानपणापासून हा आवाज पाठ होता. तो गादीवर बसून ऐकू लागला. घरी आल्यासारखं पहिल्यांदाच त्याला वाटत होतं.

प्राणी मारणार नाही. न दिलेलं घेणार नाही. व्यभिचार करणार नाही. पालीतली तीन शीलं तिने संथ आवाजात म्हटली. मग थांबली. मेणबत्तीची वात सरळ केली. आणि एकदम पाचवं म्हटलं, दारूचं.

"आई, चौथं राहिलं," भूषण म्हणाला.

प्रभावतीने जोडलेले हात सोडले नाहीत. "राहिलं न्हाई. म्हणत न्हाई मी."

"का?"

आता ती वळली. "का म्हणून इचारायलास? तू?" आवाज चढवला नव्हता तिने. "चौथं कोणतं हाय ते ठावं हाय ना? खोटं बोलणार न्हाई. आपल्या घरात लेकीचं नाव पंचशीला ठेवलं तुझ्या बापानं. त्या लेकीचं रक्त मी माझ्या पदरानं पुसलं. अन् कोर्टात पिंजऱ्यात हुबं राहून म्हणलं, पायरीवरून पडली. ती समोर बसली होती. एकदा पण वर बघितलं न्हाई तिनं."

"वकिलाने सांगितलं होतं, जेल होईल म्हणून—"

"वकिलानं न्हाई सांगितलं. तू सांगितलंस. बागेतल्या बाकड्यावर बसवून, मला तीनदा म्हणून घेतलंस ते वाक्य. शाळंतल्या पोरावाणी. कविता पाठ करून घेतल्यावाणी."

ते खरं होतं. मनाई असताना त्याने आईला बागेत बोलावलं होतं, तिच्यासाठी शेंगदाण्याची पुडी घेऊन गेला होता.

"तू माझा पोरगा हायस म्हणून बोलले," प्रभावती म्हणाली. "आता तू घरी आलास. बस. खा. पण मला आई म्हणून हाक मारू नको काही दिवस. मला सहन होईना."

बेडरूमची कडी वाजली नाही. पंचशीला आतून ऐकत होती की नाही, कळलं नाही.

पुढचे दिवस तसे गेले जसे लॉजमध्ये जातात. भूषण स्वतःचा चहा स्वतः करायचा, स्वतःचा कप वेगळा ठेवायचा. पंचशीला घरात असेल तर बेडरूममध्ये, नसेल तर बेडरूमला कुलूप. पिठी तिच्याकडे झोपायची. गुंड्या हॉलच्या कोपऱ्यात, पण दार उघडलं की आधी बाहेर बघायचा. भूषण त्याला पट्ट्याशिवाय खाली न्यायचा, तर सुभाष म्हणायचा, "कुत्रा मोकळा चालणार नाही, नियम आहे." बिल्डिंगमधल्या बायका लिफ्टमध्ये त्याला बघून पुढच्या लिफ्टची वाट बघायच्या, जी नव्हतीच, एकच लिफ्ट होती.

सत्ताविसाव्या दिवशी पंचशीलाने अपील दाखल केलं. त्याच्याबरोबर प्रभावतीचं प्रतिज्ञापत्र होतं: आधीची साक्ष खोटी होती, मुलाने मारलं, मी पाहिलं.

भूषणचा वकील जितेंद्र त्याला ऑफिसात बसवून म्हणाला, "घाबरायचं काही नाही. हे असं होतं, म्हाताऱ्या पलटतात. आपण सांगायचं, त्यांना विसरायला होतंय. एक डॉक्टर आहे ओळखीचा, सर्टिफिकेट देतो. मी ड्राफ्ट केलंय, तू फक्त सही कर."

भूषणने वाचलं. 'सदर वृद्ध महिला विस्मरण व भ्रमाने ग्रस्त असून, प्रत्यक्ष घडलेले व न घडलेले यातील फरक त्यांना समजत नाही.' त्याने ती ओळ दोनदा वाचली. ज्या बाईला बाकड्यावरचे शेंगदाणे, वाक्य किती वेळा म्हणवून घेतलं तो आकडा, सगळं आठवत होतं, तिच्याबद्दल होतं ते.

"तिला सगळं आठवतं," तो म्हणाला.

"असेल आठवत. प्रश्न तो नाहीये."

"मी सही नाही करणार."

"मग तू हरशील. घर जाईल. आत्ताच मिळालंय."

"ते ऐकलं मी."

जितेंद्र खुर्चीत मागे टेकला. "भूषण, तू मला पहिल्या दिवशी सांगितलंस की तू हात लावला नाहीस. त्यावर मी नऊ महिने काम केलं."

"खोटं सांगितलं होतं."

वकिलाने फाइल बंद केली आणि दुसरा वकील बघ म्हणाला. भूषणने दुसरा बघितला नाही.

घरी येऊन त्याने पंचशीलाच्या बंद दारासमोर उभं राहून सांगितलं, "मी आईच्या विरुद्ध सही नाही केली."

दाराआडूनच ती म्हणाली, "मग काय आरती करू तुझी?"

"मी सांगतोय फक्त."

"तारखेला सांग. मला नको सांगू."

तारखेला त्याने सांगितलं. ठाण्याच्या कोर्टात, वकील नसलेला माणूस बघून न्यायाधीशांनी त्याला दोनदा विचारलं की, आपण काय म्हणतोय हे त्याला समजतंय का. तो म्हणाला, समजतंय. पट्ट्याने मारलं, तीनदा. आईला खोटं बोलायला मी लावलं. पंचशीला तिच्या वकिलाच्या मागच्या बाकावर बसली होती. 'तीनदा' म्हटल्यावर तिने मान वर केली. मग पुन्हा खाली घातली. बाहेर व्हरांड्यात तो तिच्याजवळून गेला, तेव्हा ती पाण्याची बाटली उघडत होती. बाटली बंद केली आणि उलट्या दिशेने चालायला लागली. माफी वगैरे तिने दिली नाही. त्याने मागितलीही नव्हती.

अपील मंजूर झालं. भूषणने महिनाभरात घर सोडायचं, बापाच्या हिश्श्याचं काय ते दिवाणी कोर्टात बघायचं. तो महिनाभर थांबला नाही. खारीत गोवर्धन नावाच्या म्हाताऱ्या कोळ्याने आपल्या जुन्या घराची मागची खोली दिली. त्याच्याकडे स्वतःच्याच दोन कुत्र्या होत्या, तिसऱ्याला त्याची हरकत नव्हती. निघायच्या दिवशी पंचशीला दारात उभी राहून सामान मोजत होती, कुठली वस्तू कोणाची ते बघत.

"पिठी इथं राहील," ती म्हणाली.

"ती माझी आहे. मी आणलीये गिरणीतून."

"विचार तिला."

भूषणने पिठीकडे बघितलं. ती खिडकीत बसून पंजा चाटत होती. तो वाद घालणार होता, जिभेवर सगळं तयार होतं. पण त्याने गुंड्याला उचललं आणि जिन्याने खाली गेला. आई स्वयंपाकघरात होती. बाहेर आली नाही.

दोन महिने गेले. मग एका दुपारी त्याचा फोन वाजला. पंचशीलाचा नंबर. आदेशाप्रमाणे तो तिला फोन करू शकत नव्हता, ती करू शकत होती.

"पिठी सकाळपासून उलट्या करतेय. खात नाहीये. तू कुठल्या डॉक्टरकडे न्यायचास?"

त्याने नाव सांगितलं, पत्ता सांगितला. "दुपारी दोन ते चार बंद असतं. मागच्या दाराने बेल मार, उघडतात. आणि तिला पिशवीत नाही, टोपलीत ने, पिशवीत ती—"

फोन बंद झाला होता.

तो एका बिल्डिंगच्या गच्चीवर लिफ्टच्या मशीनरूममध्ये होता. हातातलं काम तसंच टाकून तो जिन्यावर बसला. दोन तास बसला. मग त्याने डॉक्टरच्या दवाखान्यात फोन लावला.

"पांढरी मांजर घेऊन कोणी आलं होतं का?"

"हो, आत्ताच गेल्या. घशात दोरा अडकला होता, निघाला. बरी आहे." कंपाउंडर ओळखीचा होता, त्याने आवाज ओळखला. "भूषणभाऊ ना? तुमचीच ना ती? इथं मालकाचं नाव जुनंच होतं, त्यांनी बदलायला सांगितलं. बदलू?"

"काय लिहायला सांगितलं?"

"पंचशीला पाईकराव."

भूषण जिन्यावरून उठला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "बदला."